वर्गणी कुणाला भरू?

इंदूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या राज्याच्या वित्त सेवेत आहेत. वय सदतिशीच्या आसपास, मुलगा प्राथमिक शाळेत, यजमान पीथमपूरच्या कारखान्यात. काही वर्षं कोषालयात (सरकारी कोषागारात) काढून आता एका मोठ्या विभागाच्या कार्यालयात लेख्यांचं काम बघतात. मागच्या मार्चअखेरीस एका योजनेचे पैसे काढून बँक खात्यात ठेवून द्या, असं त्यांना वरून तोंडी सांगण्यात आलं. त्यांनी नस्तीवर, म्हणजे फाइलवर, हरकत लिहिली. पैसे निघाले नाहीत, पण ‘अडवणाऱ्या मॅडम’ हे नाव मात्र चिकटलं. त्या रात्री विचारायला एकही माणूस नव्हता, असं त्या लिहितात. सेवा संघाची मंडळी म्हणतात, सभासद व्हा, आम्ही पाठीशी आहोत. पुण्याचा सीए भाऊ म्हणतो, संघाच्या भानगडीत पडू नकोस, अमेरिकेतल्या वित्त अधिकाऱ्यांच्या संस्थेचं सभासदत्व घे, नाहीतर फरीदाबादला दोन वर्षांचा कोर्स कर. यजमान म्हणतात, गप्प बस, उगाच बदली होईल. त्यांचा प्रश्न असा : ‘माझ्यासारखीने कोणत्या संस्थेत जावं? आणि संघात नाव घातलं तर कायमचा शिक्का बसेल का?’

ताई,

तुम्ही प्रश्न एक लिहिला आहे, पण त्याच्या पोटात तीन आहेत. अडचणीत पाठीशी कोण उभं राहील? नियमांची आणि हिशेबाची बारीक बाजू कोण समजावून देईल? आणि आपल्याच कामातलं, ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असं कुणी आहे का? या तिन्हींसाठी तुम्ही एकच संस्था शोधताय. घरची आणि बाहेरची माणसं आपापल्या परीने यांतल्या एकेका प्रश्नाचं उत्तर देताहेत, त्यामुळे सगळ्यांचं थोडं थोडं पटतं आणि निर्णय काही होत नाही. तिन्ही कामं करणारी संस्था राज्य सरकारच्या वित्त अधिकाऱ्यांसाठी माझ्या तरी पाहण्यात नाही. मी स्वतः या खात्यातून निवृत्त झालो आहे, तेव्हा हे शोधून दमलेले बरेच सहकारी पाहिले आहेत.

आधी त्या मार्चच्या नस्तीबद्दल, कारण पत्राचं मूळ तिथे आहे.

त्या रात्री आपलं ज्ञान अपुरं पडलं असं तुम्हाला वाटतं. मला तसं दिसत नाही. पैसा लगेच वाटायचा नसेल तर कोषालयातून काढायचा नाही, आणि केवळ तरतूद व्यपगत होऊ नये, म्हणजे वर्ष संपलं म्हणून वाया जाऊ नये, एवढ्यासाठी तर मुळीच नाही, हा जुना नियम आहे. कोषालय संहिता नव्याने आली, कागदाची बिलं जाऊन संगणकावर आली, पण हे तत्त्व हललेलं नाही. राज्यांच्या वित्तावरचे कॅगचे, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, अहवाल उघडा : मार्चमधली खर्चाची घाई, वैयक्तिक ठेव खात्यांत (अधिकाऱ्याच्या नावे सरकारी पैसा ठेवण्याच्या खात्यांत) आणि बँकेत पडून राहिलेला पैसा, न आलेली उपयोगिता प्रमाणपत्रं, हिशेब न दिलेली आकस्मिक खर्चाची बिलं. वर्ष बदलतं, राज्य बदलतं, परिच्छेद तेच. हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर हरकत लिहिलीत. तुमच्याकडे उणीव होती ती सोबतीची. ती फरीदाबादच्या पदविकेने किंवा परदेशी सभासदत्वाने त्या रात्री भरून निघाली असती, असं मला वाटत नाही.

मात्र त्या नस्तीवर हरकतीच्या खाली तुम्ही काय लिहिलंत, हे पत्रात नाही. आपल्यापैकी बरेच जण नियम उद्धृत करून सही करतात आणि नस्ती परत पाठवतात. विभागप्रमुखाला भोपाळला उत्तर द्यायचं असतं, त्याच्या हातात नुसता नकार येतो. त्याऐवजी खाली दोन ओळी वाटेच्या लिहाव्या : उरलेली रक्कम वेळेत समर्पित करून, म्हणजे शासनाला परत करून, पुढच्या वर्षी तरतूद मागता येईल, किंवा आत्ता जेवढं देणं खरोखर उभं आहे तेवढ्याचंच बिल लावता येईल. केंद्र पुरस्कृत योजना असेल तर ती एसएनए-स्पर्श या केंद्राच्या निधी वितरणाच्या संगणकीय व्यवस्थेवर आहे का ते पाहावं. तिथे देयक उभं राहिल्यावरच पैसा हलतो, तेव्हा खात्यात ठेवून द्यायचा मोहच उरत नाही. आणि हे बोलणं ३० मार्चला करायचं नसतं. सुधारित अंदाज तयार होतात त्याच सुमारास, जानेवारीत, विभागप्रमुखासमोर योजनावार खर्चाचा तक्ता ठेवा. जो अधिकारी जानेवारीत आठवण करतो त्याला मार्चमध्ये ‘अडवणारा’ म्हणणं लोकांना अवघड जातं.

तोंडी आदेशाचं म्हणाल तर, वरिष्ठाच्या सांगण्यावरून वागायचं असेल तर ते शक्य तिथे लेखी घ्यावं, ही सोय आचरण नियमांतच आहे. ‘चर्चेत दिलेल्या निर्देशानुसार प्रकरण पुष्टीसाठी सादर’ एवढं वाक्य नस्तीवर चढलं की अर्धे तोंडी आदेश आपोआप विरतात. हे वाक्य रागाने लिहायचं नाही, सवयीने लिहायचं.

आता संघ. घटनेच्या कलम १९ ने संघटनेचा हक्क सरकारी नोकरालाही आहे. मध्य प्रदेश सिविल सेवा (आचरण) नियम, १९६५ मनाई करतात ती देशाची सार्वभौमता, सार्वजनिक व्यवस्था किंवा नीतिमत्ता यांना बाधक असलेल्या संघटनांना, सेवा संघांना नव्हे. संपाची गोष्ट निराळी. २००३ मध्ये तामिळनाडूच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपाचा मूलभूत हक्क नाही असं स्वच्छ सांगितलं आहे. पण तुम्ही संपाचं नाही, वर्गणीच्या पावतीचं विचारताय.

शिक्क्याची भीती मला थोडी फुगवलेली वाटते. साधा सभासद आणि पदाधिकारी यांत वरिष्ठ नेमका फरक करतात, कारण त्यांच्यापैकी बहुतेक जण याच संघाचे सभासद म्हणून नोकरीत वाढले. तेव्हा सभासद जरूर व्हा. मात्र संघाकडून काय मिळेल ते डोळे उघडे ठेवून समजून घ्या. संवर्गाची पुनर्रचना, वेतनातली विसंगती, बदली, पदोन्नती हे त्यांचं काम. आपल्या राज्यात २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने २००२ च्या पदोन्नती नियमांतल्या आरक्षणाच्या तरतुदी रद्द केल्या आणि मग वर्षानुवर्षं पदोन्नत्या अडकून पडल्या. लोक वरच्या पदाचा नुसता प्रभार सांभाळत निवृत्त झाले. अशा काळात संघाच्या बैठकीत दुसरा विषय कसा निघणार? ठेव खात्यातल्या शिलकेचा ताळमेळ कसा लावायचा हे तुम्ही तिथे विचारलंत तर चहा मिळेल आणि पदोन्नतीच्या तारखेची बातमी मिळेल. यात त्यांना दोष देत नाही.

‘पाठीशी आहोत’ म्हणजे नेमकं काय, हेही विचारून घ्या. विभागीय चौकशी लागली तर १९६६ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांखाली बचावासाठी दुसऱ्या सरकारी नोकराचं साहाय्य घेता येतं. असं काम केलेले, नियम पाठ असलेले दोन-चार अनुभवी लोक संघात आहेत का? असतील तर वर्गणी वसूल झाली समजा. आणि हो, तुम्ही लेख्यांच्या माणूस आहात, तेव्हा संघाचा तपासलेला वार्षिक हिशेब बघायला मागा. फार थोडे सभासद मागतात.

भावाचा अमेरिकेचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण तो तिथली परिस्थिती इथे गृहीत धरतो. तिकडे गव्हर्नमेंट फायनान्स ऑफिसर्स असोसिएशन १९०६ पासून आहे. राज्यांचे लेखापरीक्षक, कंट्रोलर आणि खजिनदार यांची नॅसॅक्ट ही संस्था १९१५ ची. इतक्या जुन्या संस्था तिथे उभ्या राहिल्या, कारण तिथे प्रत्येक राज्य आपली वही आपण लिहितं. काही राज्यांत तर कंट्रोलर चक्क निवडणुकीने येतो. हिशेबाचे मानदंडही तिथे सरकार ठरवत नाही, १९८४ पासून एक स्वतंत्र मंडळ ठरवतं. एकमेकांशी जुळवून घ्यायचं तर अधिकाऱ्यांना एकत्र येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपल्याकडे कलम १५० प्रमाणे राज्याच्या लेख्यांचा नमुनासुद्धा कॅगच्या सल्ल्याने राष्ट्रपती ठरवतात. मध्य प्रदेशचे लेखे संकलित होतात ते ग्वाल्हेरला, कॅगच्या हाताखालच्या महालेखाकारांच्या कार्यालयात. केंद्राने १९७६ मध्ये आपले लेखे कॅगकडून वेगळे काढून घेतले, राज्यांचं मात्र बव्हंशी जुनंच चालू राहिलं. छप्पर वरून तयार आलं, म्हणून खालून भिंती बांधायची निकड कुणाला वाटली नाही. तुम्हाला जी संस्था सापडत नाही ती न सापडण्याचं कारण हे आहे. तुमच्या शोधात खोट नाही.

नॅसॅक्टचं सभासदत्व तर पदाशी जोडलेलं आहे, ते विकत मिळत नाही. फायनान्स ऑफिसर्स असोसिएशनचा बराचसा उपयोगी मजकूर, म्हणजे राखीव निधी किती ठेवावा, अंतर्गत नियंत्रण कसं बसवावं, कर्जाचं धोरण कसं लिहावं यावरच्या तिच्या शिफारशी, सभासद न होताही वाचता येतात. कर्ज, नियंत्रण आणि अर्थसंकल्पाची मांडणी यांपुरतं वाचा. हिशेबाच्या पद्धतीवरचं बाजूला ठेवा, कारण त्यांचा हिशेब उपार्जनाकडे, म्हणजे पैसा हलण्याआधीच येणं-देणं धरण्याकडे, झुकलेला आणि आपला रोखीचा. तेव्हा डॉलर वाचवा.

नियम आणि हिशेब शिकण्यासाठी माझा कल घरच्या कागदांकडे आहे. महालेखाकार दरवर्षी राज्यातल्या कोषालयांच्या कामकाजाचा आढावा तयार करतात. कुठे जास्त पेन्शन दिलं गेलं, कुठे वर्गीकरण चुकलं, कुठली प्रमाणकं (व्हाउचर) जोडली नाहीत, असं सगळं त्यात येतं. तुम्ही कोषालयात होतात तेव्हा आपल्या जिल्ह्याचा परिच्छेद तेवढा बघून फाइल बंद केली असेल, सगळेच तसं करतात. आता दुसऱ्या जिल्ह्यांचे परिच्छेद वाचा. त्यानंतर राज्याचे वित्त लेखे घ्या, विशेषतः दुसऱ्या खंडातली तपशीलवार विवरणं. आपल्या विभागाचं मुख्य शीर्ष, म्हणजे लेख्यांतला त्याचा मुख्य गट, शोधा, आणि आपल्याकडच्या आकड्याशी ताडून बघा. जिथे जुळत नाही तिथे तुमचा खरा अभ्यासक्रम सुरू होतो. माझ्या मते एवढं एक काम मन लावून केलं तर चार सेमिनारांइतकं शिकायला मिळतं.

बाकीचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेचा राज्यांच्या अर्थसंकल्पांवरचा वार्षिक अभ्यास आपलं राज्य इतरांच्या रांगेत कुठे आहे ते दाखवतो. दिल्लीच्या एनआयपीएफपी या सार्वजनिक वित्तावरच्या संशोधन संस्थेचे शोधनिबंध फुकट मिळतात. कॅगने २००२ मध्ये नेमलेल्या सरकारी लेखा मानक सल्लागार मंडळाचे हमी, सहायक अनुदानं आणि कर्जं-अग्रिमं यांवरचे तीन मानदंड छोटे आहेत, एका रविवारी होतात. त्या मंडळावर राज्यांच्या वित्त सचिवांना आळीपाळीने जागा असते, आणि मसुदे अभिप्रायासाठी खुले होतात. आपल्यासारख्यांनी अभिप्राय पाठवायला काय हरकत आहे? खात्यामार्फत पाठवा म्हणजे झालं. व्यावसायिक संस्थाच हवी असेल तर इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ऑडिटर्स ऑफ इंडिया १९९६ पासून आहे, तिथे लेखा व लेखापरीक्षणातली अनुभवी, बरीचशी निवृत्त मंडळी भेटतात. सीए आणि कॉस्ट अकाउंटंटच्या संस्थांच्या शाखा इंदुरात आहेत, पण सभासदत्व त्यांच्या परीक्षा देऊनच मिळतं, हे भाऊ सांगायला विसरला असावा.

फरीदाबाद. अरुण जेटली राष्ट्रीय वित्त व्यवस्थापन संस्था १९९३ ची, शिक्षण चांगलं आहे, आणि तिच्या दोन वर्षांच्या पदविकेला सरकारकडून नामनिर्देशन मिळालं तर मोठी संधी आहे. पण मुलगा प्राथमिक शाळेत आणि यजमान पीथमपूरला असताना ‘आत्ता नाही गेले तर मागे पडले’ असं जे तुम्हाला वाटतंय, ते तपासून बघा. मागे कुणाच्या? दोन वर्षांच्या आधी आठवड्याचा एखादा छोटा कोर्स करून बघता येतो. भोपाळच्या नरोन्हा प्रशासन अकादमीतलेही आहेत, सरकारी नोकरांसाठीच्या आयगॉट कर्मयोगी या ऑनलाइन व्यासपीठावरचे तर मुलगा झोपल्यावर घरून होतात. चार-पाच वर्षांनी मोठ्या कोर्सची इच्छा तितकीच राहिली तर जा. यजमानांनीही तेव्हा घर सांभाळायची तयारी आत्तापासून ठेवावी, एवढं माझ्या वतीने त्यांना सांगा.

इंदूरमध्येच एक गोष्ट आहे जिच्याकडे आपले लोक कमी वळतात, ती म्हणजे शासकीय लेखा प्रशिक्षण शाळा. तिथे शिकवायला जाण्याची तयारी दाखवा. बाबू लोक जे प्रश्न विचारतात ते कुठल्याही परिसंवादात ऐकायला मिळत नाहीत. वेतननिश्चितीचा एक तास घ्यायचा म्हटलं तर आदल्या रात्री तुम्हाला नियम नव्याने उलगडावे लागतील. शिवाय पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत गेलेले तुमचे विद्यार्थी तुम्हाला फोन करतील. ‘अडवणाऱ्या मॅडम’ हे नाव पुसायला याहून सोपा उपाय मला सुचत नाही.

राहिला तिसरा प्रश्न, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा. सोबत तुम्हालाच जमवावी लागेल, आणि त्यासाठी इंदूरसारखं गाव नाही. राजधानी भोपाळला असली तरी लोकसेवा आयोग इथे, वाणिज्यिक कर विभागाचं मुख्यालय इथे, पश्चिम क्षेत्राची वीज वितरण कंपनी पोलोग्राउंडला, शिवाय विद्यापीठ आणि महापालिका. या प्रत्येक ठिकाणी लेख्यांचं काम बघणारी, तुमच्यासारखीच एकटी माणसं आहेत. महापालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत जलूदच्या सौर प्रकल्पासाठी हरित रोखे थेट लोकांना विकून २४४ कोटी उभे केले. रोखे काढताना पालिकेच्या ताळेबंदाकडे बाजार कसा बघतो, हे ज्यांनी जवळून पाहिलं ती माणसं तुमच्या गावात आहेत, आणि आपण त्याविषयी दिल्लीच्या परिसंवादाची वाट बघतो!

पाच-सहा जणांनी महिन्यातून एका रविवारी तासभर कुणाच्या तरी घरी बसायचं. एकाने एक विषय वाचून आणायचा. नाव नको, फलक नको, वर्गणी नको, पदाधिकारी तर नकोतच. दोन पदाधिकारी झाले की तिसऱ्या महिन्यात निवडणूक होते, हे आपल्या समाजातल्या मंडळांकडे बघून तुम्हाला ठाऊक असेलच. बोलणं हिंदीतच होईल, तेच बरं, मराठी मंडळींपुरतं ते मर्यादित राहू नये. एक पथ्य मात्र कडक पाळा : चालू नस्तीवर चर्चा नाही. बोलायचं ते छापून आलेल्या लेखापरीक्षण अहवालातल्या परिच्छेदांवर, निकाली निघालेल्या प्रकरणांवर, नियमांच्या अर्थावर. कार्यालयीन कागद किंवा माहिती अनधिकृतपणे बाहेर देणं आचरण नियमांत बसत नाही, आणि मोबाइलच्या ग्रुपवर बिलाचा फोटो टाकणं म्हणजे तेच. असे ग्रुप परिपत्रकं फिरवायला ठीक. नियमाचा अर्थ विचाराल तर चार जण चार उत्तरं देतील आणि पाचवा सुप्रभात पाठवेल.

अशी माणसं जोडली गेली तर पुढच्या वेळी रात्री फोन करताना नस्तीचं नाव घ्यावं लागणार नाही. ‘समजा असं असेल तर नियम काय म्हणतो’ एवढं पुरतं. यजमानांच्या काळजीचंही यात उत्तर आहे. चार सहकारी चहाला जमले म्हणून कुणाची बदली होत नाही. आणि खरंच बदली झाली, तर वित्त सेवेत ती तशीही दर काही वर्षांनी होतेच. ओळखी मागे राहत नाहीत, फोनबरोबर येतात.

ग्वाल्हेरच्या वाचकांना हे सगळं अधिकच सोपं आहे, महालेखाकारांचं कार्यालय त्यांच्याच गावात आहे. ताळमेळाला गेलात की कागद घेऊन लगेच निघू नका, समोरच्या लेखाधिकाऱ्याला पाच मिनिटं विचारा की आमच्या जिल्ह्यातून सगळ्यात जास्त काय चुकून येतं. लहान जिल्ह्यात एकट्या असलेल्यांनी शेजारच्या दोन जिल्ह्यांशी फोनवर ठरलेली वेळ ठेवावी.

ताई, तुमच्या यादीतून या वर्षी मी एवढंच उचलेन : संघाची वर्गणी, प्रशिक्षण शाळेतला एक तास, आणि तो रविवार. पहिल्या रविवारचा विषय म्हणून मार्चच्या खर्चावरचा कॅगचा एखादा परिच्छेद ठेवा, पण बैठक दिवाळीनंतर लगेच घ्या. फेब्रुवारी उजाडला की आपल्यापैकी कुणाला रविवार उरत नाही.